गिऱ्हाईक देव, मग विकणारा कोण?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी नातवाला कपडे घ्यायला आमच्या शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. बिलाच्या रांगेत वीस-पंचवीस माणसे होती. माझा नंबर आला आणि काउंटरवरच्या मुलीचे यंत्र अडकले. तिने शर्टावरची पट्टी दोन-तीनदा यंत्रापुढे धरून पाहिली, मग आकडे हाताने टाकू लागली. मी म्हणालो, "काम येत नसेल तर इथे उभी कशाला राहतेस?" ती म्हणाली, "सॉरी सर, दोनच मिनिटं." मी तेवढ्यावर थांबलो नाही. सुपरवायझरला बोलावले. त्याने साऱ्या रांगेदेखत तिला झापले. बाहेर पडताना दाराजवळच्या पडद्यावर हसरा आणि रडका असे दोन चेहरे होते; त्यातला रडका मी बोटाने दाबला.

आठ दिवसांनी शर्ट बदलून घ्यायला गेलो तेव्हा ती मुलगी काउंटरवर नव्हती. चौकशी केली. सुपरवायझर मोठ्या समाधानाने म्हणाला, "तिला मागे गोडाऊनला टाकलं सर. तुमची कंप्लेंट होती ना!"

मी तीस वर्षे शिक्षक होतो. नामांतराच्या चळवळीत वाढलो. समतेवर किती भाषणे केली त्याची मोजदाद नाही. आणि शिक्षक होण्यापूर्वी दोन वर्षे मी स्वतः कापडाच्या दुकानात उभा होतो. तरीही ते वाक्य माझ्याच तोंडून निघाले. ते कोठून आले, याचा शोध मी तेव्हापासून घेतो आहे. हा प्रश्न केवळ माझ्या पश्चात्तापाचा असता तर त्यासाठी या अंकाची पाने अडवली नसती. पण दुकानात, हॉटेलात, पेट्रोल पंपावर, फोनवर आणि दारात आलेल्या डिलिव्हरीच्या पोराशी आपण ज्या सुरात बोलतो, त्या सुराला इतिहास आहे. तो इतिहास आपल्याला चांगला ठाऊक आहे. फक्त तो इथे लागू आहे हे आपण ओळखत नाही.

कापडाचे दुकान

१९८२ ते ८४ ही दोन वर्षे मी सकाळी कॉलेज आणि दुपारपासून रात्रीपर्यंत गुलमंडीच्या बाजूला एका दुकानात नोकरी करीत असे. जुन्या पद्धतीचे दुकान. पांढऱ्या गादीवर गिऱ्हाईक बसणार, शेठ गल्ल्यावर बसणार, आणि आम्ही चौघे पोरे उभी राहणार. लग्नसराईत बस्ता बांधायला गावाकडून वीस-वीस माणसे येत. त्यांच्यापुढे ताके उलगडायचे, पातळांचे ढीग घालायचे आणि ते उठून गेले की पुन्हा सगळ्याच्या घड्या घालायच्या. रात्री घरी गेलो की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. बसायला कोणी 'नको' म्हणत नसे. बसायला काही नव्हतेच.

आम्हाला नावे होती, पण ती कोणी वापरत नसे. "ए", "अरे पोऱ्या", "तो हिरवा दाखव". गिऱ्हाइकाला किंमत पटली नाही की शेठशी अदबीने घासाघीस होई आणि राग आमच्यावर निघे. गिऱ्हाईक काही न घेता उठले तर शेठही आम्हालाच विचारी, "काय बोललास रे त्यांना?"

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा उमगली. गिऱ्हाइकांना पाणी देण्याचे काम शेठने मला कधीही सांगितले नाही. कापड मी दाखवायचे, मोजायचे, फाडायचे, बांधून द्यायचे. पाण्याचा तांब्या मात्र दुसरा मुलगा आणायचा. शेठने मला जात विचारली नव्हती. आडनाव पुरेसे होते. त्यांनी मला वाईट वागवले असेही मी म्हणणार नाही. पगार वेळेवर देत, परीक्षेला सुटी देत. पण कापड धुता येते आणि प्यालेले पाणी धुता येत नाही, एवढा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

पुढे मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचताना हाच हिशेब मला पुन्हा भेटला. गिरणीत जास्त मजुरी विणखात्यात मिळे आणि तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याला थुंकी लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी या बंदीचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला होता. स्पर्श कोठे चालतो आणि कोठे चालत नाही, हे ठरवण्याचा हक्क बाजाराने आणि कारखान्याने जातीकडून जसाच्या तसा घेतला. यंत्र नवे होते, पण सोवळे जुनेच होते.

फळीची एक बाजू, दुसरी बाजू

माझी आजी सांगायची, की तिच्या लहानपणी गावच्या वाण्याच्या दुकानात फळीजवळ जाता येत नसे. पैसे जमिनीवर ठेवायचे. वाणी त्यावर पाणी शिंपडून मग उचलायचा. मीठ-मिरची वरून पदरात टाकायचा. कापड हातात घेऊन पाहण्याचा तर प्रश्नच नव्हता. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरात अशी एखादी आठवण असेल.

म्हणूनच घटनाकारांनी अनुच्छेद १५ मध्ये 'दुकान' हा शब्द नाव घेऊन घातला. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच रद्द केली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हा गुन्हा ठरवला; १९७६ मध्ये हाच कायदा कडक होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. दुकानाचे दार आपल्याला असे उघडले. ते कोणी मेहरबानीने उघडलेले नाही.

पण या साऱ्या कायद्यांच्या नजरेसमोर आपला माणूस होता तो गिऱ्हाईक म्हणून. त्या काळाचे वास्तवच तसे होते. फळीच्या आत वाणी, बाहेर आपण. आज चित्र बदलले आहे. आमच्या वस्तीतली कितीतरी मुले-मुली बारावी, बी.ए. करून मॉलमध्ये, मोबाइलच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, कॉल सेंटरमध्ये लागली आहेत. पाठीवर पिशवी अडकवून घरोघर जेवण पोहोचवत आहेत. फळीच्या आत आज आपले लेकरू उभे आहे. आणि फळीच्या आत आपण जाताच अपमानाची दिशा उलटली. पूर्वी तो आतून बाहेर यायचा, आता बाहेरून आत जातो.

ही उलटापालट समजून घेतल्याशिवाय प्रश्नाचे मूळ हाती लागत नाही. पूर्वी आत उभा असलेला मनुष्य मालक होता. आता आत उभा आहे तो पगारी नोकर आहे. मालक तिथे नाही. तो मुंबईत, बंगलोरात किंवा परदेशात आहे. त्याच्याशी भांडता येत नाही म्हणून गिऱ्हाईक समोरच्याशी भांडते. आणि समोरचा उलट बोलू शकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते.

दोन मुळे

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीची सत्ता असे त्यांना म्हणायचे नव्हते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, असा अर्थ त्यांनी स्पष्ट केला होता. दुकानातल्या अपमानाला हीच दोन मुळे आहेत.

पहिले मूळ पाहू. आपल्या समाजात सेवा हा शब्द पवित्र आहे आणि सेवा करणारा हलका आहे. ज्याचे काम दुसऱ्याची गरज भागवण्याचे, तो खालचा, हे गणित गावगाड्याने शेकडो वर्षे पाठ करून घेतले. जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही. ती काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडते आणि उतरंडीवर बसवते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले. या उतरंडीवर काम बदलले तरी पायरी शिल्लक राहते. झाडू गेला आणि बारकोडचे यंत्र आले, तरी 'आपल्यासाठी राबणारा' हा शिक्का तसाच उमटतो.

हे आपल्या भाषेत रोज घडते. मराठीत कोणाशीही एक वाक्य बोलायचे तर आधी तू की तुम्ही, अरे की अहो, हे ठरवावे लागते. म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीच आपण समोरच्याची पायरी ठरवलेली असते. बँकेच्या मॅनेजरला अहो आणि बँकेच्या दारातल्या रखवालदाराला अरे. डॉक्टरला तुम्ही, त्यांच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीला तू. वय पाहून आपण तू म्हणतो, असे कोणी म्हणेल. मग पन्नाशीच्या वेटरला वीस वर्षांचे पोर 'ए' म्हणते, ते कोणत्या वयाच्या हिशेबाने?

दुसरे मूळ व्यापाराचे आहे. दुकानात 'ग्राहक देवो भव' अशी पाटी लावतात. वाचायला ती नम्र वाटते. पण ही पाटी मालकाने लावलेली असते आणि तिची किंमत नोकर भरतो. गिऱ्हाईक पैसे देते ते मालाचे. पण पाटी त्याला सुचवते की मालाबरोबर विकणाऱ्या माणसाचा मानही तुला विकला आहे. त्याने हसले पाहिजे, झुकले पाहिजे, ऐकून घेतले पाहिजे. मुलाखतीत या गोष्टींना 'कम्युनिकेशन स्किल' म्हणतात. पगारपत्रकात त्यांचा रकाना नसतो.

आता तर मालकाने एक पाऊल पुढे टाकले आहे. पूर्वी कामावर नजर ठेवायला पगारी मुकादम लागे. आता ते काम गिऱ्हाइकाकडून फुकटात करून घेतले जाते. पडद्यावरचे हसरे-रडके चेहरे आणि मोबाइलवरच्या पाच चांदण्या ही मुकादमाची नवी काठी आहे. चांदण्या कमी पडल्या की पोराला काम कमी मिळते. फार कमी झाल्या तर त्याचे खातेच बंद होते. त्याला समोर बसवून कोणी विचारत नाही, की बाबा, त्या दिवशी काय झाले होते. पाऊस होता, लिफ्ट बंद होती की हॉटेलनेच उशीर केला होता. मी दारातला रडका चेहरा दाबला तेव्हा मी मुकादमाचेच काम केले होते.

पिशवी, शर्ट आणि लिफ्ट

जून २०२२ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज आहे, की २०२०-२१ मध्ये देशात अशा ॲपवर किंवा कामापुरत्या बोलीवर राबणारे ७७ लाख कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल. एवढ्या माणसांशी समाज कसा वागतो, हा किरकोळ शिष्टाचाराचा विषय राहिलेला नाही.

२०१९ च्या जुलैमध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने, जेवण आणणारा मुसलमान आहे म्हणून झोमॅटोवरची ऑर्डर रद्द केली आणि ते जाहीरपणे सांगितले. अन्नाला धर्म नसतो, असे उत्तर कंपनीने दिले. त्याचे कौतुक झाले. मार्च २०२४ मध्ये त्याच कंपनीने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. त्यांची पोरे फक्त शाकाहारी हॉटेलांतले अन्न नेणार आणि लालऐवजी हिरवा शर्ट घालणार. टीका झाली. उद्या सोसायट्या लाल शर्टवाल्यांना आत घेणार नाहीत, ही भीती लोकांनी बोलून दाखवली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा शर्ट मागे घेतला. वेगळ्या ताफ्याची कल्पना मात्र सोडली नाही.

यात कंपनीचे मालक दुष्ट होते असे समजण्याचे कारण नाही. गिऱ्हाइकाच्या मनात जे होते ते त्यांनी धंद्याच्या भाषेत मांडले, इतकेच. अन्न डब्यात बंद, डबा पिशवीत बंद; तरी त्याच पिशवीतून आधी काय गेले होते, याचा विटाळ. माझ्या शेठच्या तांब्याची ही पुढची आवृत्ती आहे. शहरांतल्या अनेक इमारतींत डिलिव्हरीवाल्यांना मुख्य लिफ्ट बंद असते. मालाच्या लिफ्टने या किंवा जिने चढा. त्या पाट्यांवर जातीचे नाव नसते. ते लिहिण्याची गरजही नसते.

कायदा कोठपर्यंत येतो

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेला अपमान गुन्हा ठरवला, आणि २०१५ च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंदला. दुकान ही लोकांच्या नजरेसमोरचीच जागा आहे. पण गिऱ्हाईक जातीचे नाव घेत नाही. ते म्हणते, "तुमची लायकी काय?", "तुमच्यासारख्यांना कामावर कोण ठेवतो?" या वाक्यांचा अर्थ ऐकणाऱ्याला कळतो, पोलीस ठाण्यात तो सिद्ध करता येत नाही.

कामाच्या अटींचे पाहावे तर महाराष्ट्रात १९४८ च्या दुकाने कायद्याच्या जागी २०१७ चा नवा कायदा आला. त्याने रोजचे कामाचे तास, विश्रांती आणि आठवड्याची सुटी यांची बंधने घातली, पण ती १० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना. सप्टेंबर २०२५ मध्ये तर राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० वर नेण्यास मान्यता दिली. म्हणजे माझ्यासारखी चार पोरे जिथे उभी राहतात, ते दुकान बहुतेक तरतुदींच्या बाहेरच.

तरी कायदा काहीच करू शकत नाही असे नाही. इंग्लंडमध्ये १८९९ सालीच, दुकानातल्या दर तीन स्त्री-नोकरांमागे निदान एक बैठक ठेवावी, असा कायदा झाला होता. आपल्याकडे त्यासाठी केरळच्या बायकांना लढावे लागले. कोळिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या विक्रेत्या स्त्रिया दिवसभर उभ्या राहत. मुतारी नाही म्हणून पाणी पीत नसत. क्षणभर टेकले तर दंड. पी. विजी यांनी या स्त्रियांची 'पेनकूट्ट' ही संघटना बांधली आणि बसण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. २०१८ मध्ये केरळने दुकाने कायदा दुरुस्त करून बैठक सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. एका खुर्चीसाठी एवढा लढा का, असे ज्यांना वाटते त्यांनी एक दिवस दहा तास उभे राहून पाहावे. चवदार तळ्यावर पाण्याचा प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. खुर्चीचा प्रश्नही केवळ पायांचा नाही. कोणी कोणासमोर बसावे, हे जिथे ठरलेले असते, तिथे बसणे हे हक्क सांगणेच असते.

एक आक्षेप

मित्र म्हणतात, "तुम्ही विक्रेत्यांची बाजू घेता, पण तेच आपल्या लोकांचा अपमान करतात त्याचे काय?" हे खरे आहे. माझी आई नऊवारी नेसून सोनाराकडे गेली की काउंटरवरचा मुलगा आधी हलक्या वजनाचे डूल काढायचा. "मावशी, ते महाग आहे," हे वाक्य आपल्या किती आयाबायांनी ऐकले असेल! पण तो मुलगा कोण असतो? सात-आठ हजारांवर राबणारा, मालकाच्या शिव्या खाणारा. त्याला वरून जे मिळते ते तो खाली देतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, तिचे बळ नेमके इथे आहे. तिच्यात प्रत्येकाला लाथ बसते आणि प्रत्येकाला लाथ मारायला कोणीतरी मिळते. म्हणून ती टिकते.

आणि आपण शिकलेले, पगारदार, या साखळीच्या बाहेर आहोत काय? आपल्यातल्या पहिल्या पिढीला दुकानात शिरता येत नव्हते. दुसरी पिढी अंग चोरून शिरली. तिसऱ्या पिढीच्या हातात पैसा आला आणि गादीवर बसण्याचा मान मिळाला. त्या मानाची चव आपल्याला इतकी नवी आहे, की तो कोणाला तरी उभे ठेवूनच मिळतो असे आपल्याला वाटू लागले. मी त्या मुलीला बोललो तेव्हा माझ्या आवाजात गुलमंडीचे गिऱ्हाईक बोलत होते. ते मी ओळखले नाही, ही माझी खरी चूक.

काय करायचे

नुसत्या गोड बोलण्याने हा प्रश्न सुटेल, असे मी म्हणत नाही. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित केले. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला; मंडळे आली, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी यांची हमी आली. ज्याला बाजारपेठ 'ए हमाल' म्हणून हाक मारीत होती, त्याला मान मिळाला तो व्यापाऱ्यांच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे, संघटनेने. दुकानातल्या आणि डिलिव्हरीच्या कामगारांची गोष्ट याहून वेगळी होणार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी कायदा केला, तोही त्यांच्या संघटनांनी रेटा लावल्यामुळे. आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या या पोरापोरींची यादी करण्यापासून सुरुवात करावी. जयंतीच्या मिरवणुकीत ती आपल्यासोबत असतातच. त्यांच्या कामाच्या तासांची चौकशी आपण कधी केली आहे काय?

शिक्षकांनी वर्गात एक तास यासाठी द्यावा. आपल्या गावातल्या दुकानात कोण बसते, कोण उभे राहते, कोण कोणाला काय म्हणते, एवढेच मुलांना नोंदवून आणायला सांगावे. अनुच्छेद १५ शिकवायला याहून चांगला धडा नाही. लिहिणाऱ्या मुलामुलींना मी सांगेन, की आपल्या आत्मकथनांनी पाणवठा, शाळा, गावकूस लिहिले. आता फळीच्या आतून जग कसे दिसते ते तुम्हीच लिहायचे आहे. आम्ही ते लिहिले नाही, कारण तिथून सुटलो की तो काळ विसरण्याची आम्हाला घाई होती.

आणि माझ्यासारख्यांनी उद्यापासून निदान 'तुम्ही' म्हणावे. रडका चेहरा दाबण्याआधी, हात कोणाच्या पोटावर पडतो आहे ते पाहावे. तक्रार असेल तर ती मालकाच्या नावाने, कागदावर करावी. यंत्र त्याचे असते, माणसे कमी त्यानेच ठेवलेली असतात.

मी त्या दुकानाला पत्र लिहिले: तक्रार माझी चुकीची होती, यंत्र बिघडलेले होते, मुलीला काउंटरवर परत घ्यावे. उत्तर आलेले नाही. त्या मुलीचे नाव मी तेव्हा विचारले नव्हते, म्हणून पत्रात 'चार नंबरच्या काउंटरवरील कर्मचारी' असे लिहावे लागले.